दुसऱ्या पडद्यावरची रेघ

गेल्या पंधरवड्यात काही घरगुती कामानिमित्त आम्हांस धारवाडास जाण्याचा योग आला. तेथील एका सेवाकेंद्रात रांगेत आमच्यापुढे एक वृद्धा उभी होती. केंद्राचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे जे घडले ते कोठेही घडू शकते, किंबहुना रोज कोठे ना कोठे घडत असणार. यजमान निवर्तले, त्यांच्या नावावरची जमीन आता आपल्या व मुलांच्या नावे चढावी, एवढेच त्या बाईचे मागणे होते. काचेपलीकडे बसलेल्या तरुण कारकुनाच्या टेबलावर संगणकाचे दोन पडदे होते. एक त्याच्याकडे तोंड केलेला, दुसरा अर्जदाराकडे. कारकून जे लिहितो ते अर्जदारासही दिसावे, हा त्या दुसऱ्या पडद्याचा हेतू. प्रत्यक्षात त्या पडद्यावर हात जोडलेले एक चित्र तेवढे होते, आणि त्या चित्राच्या अगदी डाव्या कडेस वरपासून खालपर्यंत एक अरुंद, तुटक, काळी-पांढरी रेघ.

बाई काही वेळ त्या रेघेकडे निरखून पाहत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, "तम्मा, ही उभी रेघ कशाची रे?"

"ती रोजचीच, अज्जी. तिकडे बघू नका तुम्ही," कारकून मान वर न करता म्हणाला.

पोराच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. रांग लांब होती, त्याचे डोळे शिणले होते, आणि ती रेघ खरोखरच रोजची होती. त्याने आपल्या पडद्यावर पाहून एका चिठ्ठीवर जमिनीचा सर्व्हे क्रमांक व हिस्सा उतरवून घेतला आणि बाईंस पुढच्या खिडकीकडे पाठविले. पाऊण तासाने बाई परत आल्या. चिठ्ठीवर हिस्सा १ लिहिला होता. कागदोपत्री तो १२ होता. शेवटचा २ कारकुनास दिसलाच नव्हता. त्याच्या पडद्याच्या उजव्या कडेवरून तो अंक पलीकडे सांडला होता आणि बाईंच्या पडद्यावरच्या त्या रेघेत जाऊन बसला होता. चिठ्ठी दुरुस्त झाली. तोवर पुढच्या खिडकीची वेळ संपली होती. बाईंस दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागणार होते. एक दिवसाचे येणे-जाणे आणि एक दिवसाची मजुरी, एवढीच काय ती हानी. जमीन गेली नाही, कोणी लाच मागितली नाही, कोणी खोटे बोलले नाही. तथापि ज्या पडद्यावर त्या बाईंस स्वतःच्या जमिनीची संपूर्ण नोंद दिसावयास हवी होती, त्या पडद्यावर त्यांच्या वाट्यास आली ती बोटभरही नव्हे अशी रुंदीची एक रेघ, आणि तिकडेही पाहू नका असे त्यांस सांगण्यात आले. ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. म्हणून आजचे हे लेखन.

प्रथम ही रेघ येते कोठून, ते पाहू. संगणकावर जे काम चालते त्याच्या चौकटीस 'खिडकी' असेच नाव आहे. या खिडकीस चारी बाजूंनी एक कड असते. ती धरून खिडकी लहान-मोठी करता येते. खिडकी पडदाभर मोठी केली की ही कड निरुपयोगी ठरते, कारण आता ओढावयाचे काही उरत नाही. तेव्हा आरंभीच्या रचनाकारांनी एक सोपी युक्ती योजिली. पडदाभर झालेली खिडकी त्यांनी पडद्याहून किंचित मोठीच ठेविली, म्हणजे तिच्या कडा पडद्याबाहेर पडून आपोआप दिसेनाशा व्हाव्यात. विंडोज या प्रचलित प्रणालीत हे आधिक्य सामान्यतः प्रत्येक बाजूस आठ टिंबांचे असते. टिंब म्हणजे पडद्यावरील प्रकाशाचा सर्वांत लहान कण. आठ टिंबे म्हणजे अवघी दोन-अडीच मिलिमीटर जागा. परंतु बारीक टंकात एक देवनागरी अंक तेवढ्या जागेत सहज मावतो.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसास हे समजावण्यास फार बोलावे लागू नये. आपल्या घराचे छप्पर भिंतीच्या बाहेर हात-दीड हात काढलेले असते. भोवताली आपलेच परसू असेल तर पागोळ्या कोठे पडतात याची कोणी विचारपूस करीत नाही. शेजारी भिंतीस भिंत लावून घर बांधतो, तेव्हा मात्र आपल्या पागोळ्या त्याच्या अंगणात पडू लागतात आणि दोन पिढ्यांचा सलोखा एका पावसाळ्यात संपतो. संगणकाचे नेमके असेच झाले. पडदा एकटा होता तोवर त्याच्या कडेपलीकडे काहीच नव्हते, आणि तेथे सांडलेले कोणास दिसत नव्हते. १९९८ साली विंडोजच्या त्या वर्षीच्या आवृत्तीने एकाच यंत्रास अनेक पडदे जोडण्याची सोय सामान्य ग्राहकास दिली. (मॅकिंटॉशच्या काही यंत्रांवर ती १९८७ पासूनच होती.) त्या दिवसापासून कडेपलीकडे शून्य राहिले नाही, तेथे शेजाऱ्याचे अंगण आले.

प्रणालीच्या कर्त्यांस हे कळले नव्हते असे नाही. त्यांनी बंदोबस्तही केला. पडदाभर झालेली खिडकी ज्या पडद्यावर असेल त्याच्या हद्दीपाशीच कापून दाखवावी, असा नियम त्यांनी प्रणालीत घातला. साध्या, नाकासमोर चालणाऱ्या प्रोग्रामांना तो पुरतो. परंतु आजकाल प्रत्येक प्रोग्रामास आपली चौकट आपणच रंगवावयाची हौस असते. प्रणालीने दिलेली कड व मथळा काढून टाकावयाचा, स्वतःचा घालावयाचा, आणि तसे करताना आठ टिंबांचा जुना हिशेब मात्र विसरावयाचा, असा हा प्रकार आहे. मग दोहोंपैकी एक गत होते. एक तर मजकुराचा काठ कापला जातो आणि कोणासच दिसत नाही. नाही तर तो काठ शेजारच्या पडद्यावर जाऊन रेघ बनतो. तिसरीही एक गत आहे. खिडकी पडद्याच्या तळाशी असलेल्या कामाच्या पट्टीवरच पसरते आणि ती पट्टी गडप होते. मग बसणारास वाटते, यंत्र बिघडले.

याहून खोल असे आणखी एक कारण आहे. दोन पडदे असले तरी यंत्राच्या लेखी ते समान नसतात. त्यांतील एक 'मुख्य' असतो. खिडकी पडदाभर करावयाची म्हणजे किती मोठी करावयाची, असा प्रश्न उद्भवला की यंत्र प्रथम मुख्य पडद्याचे माप पुढे करते; दुसऱ्या पडद्यासाठी त्यात फेरफार करावा लागतो. हे ज्या प्रोग्रामच्या कर्त्यास ठाऊक नसते, त्याची खिडकी मुख्य पडद्यावर चपखल बसते आणि दुसऱ्यावर तोकडी तरी पडते किंवा बाहेर तरी वाहते. शिवाय मोजणीचा आरंभ मुख्य पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होतो. तो कोपरा म्हणजे शून्य. दुसरा पडदा मुख्याच्या डाव्या हातास ठेवला की त्यावरील प्रत्येक स्थान शून्याच्या अलीकडचे, म्हणजे ऋण ठरते. 'शून्याच्या अलीकडे काहीच नसते' अशा समजुतीने लिहिलेले प्रोग्राम मग त्या पडद्यावर गोंधळ घालतात. यादी एका पडद्यावर आणि तिची निवड दुसऱ्यावर उघडते. ज्या देशात ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम सांगून ठेवले, त्या देशातल्या कार्यालयांत ऋण संख्येपायी खिडक्या हरवाव्यात, ही मौजच म्हणावयाची.

आणि आपल्याकडची खास अडचण तर याहून निराळी आहे. आपल्या कार्यालयांत दोन पडदे एका जातीचे क्वचितच आढळतात. एक जुना, चौकोनी, ठळक टिंबांचा. दुसरा नवा, रुंद, बारीक टिंबांचा. एक एका खरेदीतला, दुसरा तीन वर्षांनंतरच्या. बारीक टिंबांच्या पडद्यावर अक्षरे वाचता यावीत म्हणून यंत्र ती सव्वापट किंवा दीडपट मोठी करते. जुन्या पडद्यावर तसे करावे लागत नाही. प्रत्येक पडद्याचे हे प्रमाण वेगवेगळे धरण्याची सोय विंडोजमध्ये २०१३ साली आली आणि २०१७ साली ती बरीच सुधारली. त्याआधीच्या धाटणीने लिहिलेले प्रोग्राम आजही सर्वत्र चालू आहेत. त्यांची खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकविली की अक्षरे पाण्यात पडल्यासारखी फिकट व पसरट होतात. रोमन अक्षर फिकटले तरी ओळखता येते. देवनागरीत वा कानडीत अनुस्वार पुसला, रफार विरला, वेलांटी अडखळली की शब्द बदलतो, आणि शब्द बदलला की माणूस बदलतो.

पुण्या-बंगळुरात बसून असे प्रोग्राम लिहिणारी आमची मुले हुशार आहेत. त्यांतील कित्येक याच हुबळी-धारवाडच्या, बेळगावच्या, आमच्या किनारपट्टीच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली आहेत. त्यांच्या टेबलावर दोन एकसारखे, नवेकोरे पडदे असतात. तेथे सर्व ठीक दिसते. धारवाडच्या त्या टेबलावरचे विजोड जोडपे त्यांनी पाहिलेलेच नसते. दोष बुद्धीचा नव्हे, अंतराचा आहे.

आता कोणी म्हणेल, एका रेघेपायी एवढे पाल्हाळ कशास? यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, खिडकी जरा लहान करावी, झाले. या म्हणण्यात तथ्य आहे आणि तो उपाय आम्ही पुढे सांगणारही आहोत. परंतु दुसरा पडदा ही शोभेची वस्तू नव्हे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. आणि ते ध्यानात घेण्यास कर्नाटकाइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

धारवाड जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे तेथील शेतकरी कानडी बोलतानाही जमिनीच्या कागदास आजतागायत 'उतारा' म्हणतो. आमच्याकडे तो सातबारा, गोव्यात एक-चौदाचा, कर्नाटकाच्या सरकारी भाषेत पहाणी. नावे वेगळी, जीव एकच. हा जीव पूर्वी गावच्या दप्तरदाराच्या पेटीत असे. कर्नाटकात असे सुमारे ९,००० ग्रामलेखापाल होते. उतारा हवा तर त्यांस शोधावे लागे, ते भेटले तर त्यांची मर्जी लागे, आणि मर्जीची किंमत कोठेही लिहिलेली नसे. 'भूमी' या योजनेखाली कर्नाटक सरकारने या सहस्राब्दीच्या आरंभी सुमारे ६७ लाख खातेदारांच्या दोन कोटी नोंदी संगणकावर चढविल्या आणि १७७ तालुक्यांच्या ठिकाणी केंद्रे उघडून १५ रुपयांत उतारा देण्याची व्यवस्था केली. या योजनेची जगभर वाखाणणी झाली ती वेगासाठी. आमच्या मते तिच्यातील सर्वांत मोलाची कल्पना निराळीच होती. केंद्रातील दुसरा पडदा शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवलेला असे, म्हणजे कारकून काय करीत आहे ते त्यास आपल्या डोळ्यांनी पाहता यावे.

या कल्पनेचे महत्त्व सांगावे तितके थोडे. पिढ्यानुपिढ्या दप्तराची पाठ रयतेकडे असे आणि तोंड सरकाराकडे. तलाठ्याची वही रयतेस नेहमी उलटीच दिसली. ती उलटी वाचावयास शिकलेले काही चतुर शेतकरी प्रत्येक गावात असत आणि गाव त्यांस वचकून असे. दुसऱ्या पडद्याने ही वही प्रथमच सुलटी करून रयतेपुढे धरली. याच विचाराने पुढे आधार नोंदणीच्या वेळीही अर्जदाराकडे तोंड केलेला स्वतंत्र पडदा आवश्यक मानला गेला. त्या नोंदणीचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात झाला. आपले नाव, वडिलांचे नाव, जन्मसाल बरोबर लिहिले गेले की नाही ते माणसाने जागच्या जागी पाहावे, चूक असेल तर तेथेच सांगावे, हा त्यामागचा हेतू. एका वेलांटीच्या चुकीपायी निवृत्तिवेतन अडलेले, शिधा अडलेला, मुलाची शिष्यवृत्ती अडलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस या दुसऱ्या पडद्याची किंमत सांगावी लागणार नाही.

म्हणूनच दुसऱ्या पडद्यावर काय दिसते हा यंत्रविशारदांवर सोपवून मोकळे होण्याचा प्रश्न राहत नाही. दोन पडदे दोन रीतींनी जोडता येतात. एका रीतीत दोहोंवर एकच चित्र उमटते. ही आरशाची रीत. दुसऱ्या रीतीत दोन्ही पडदे मिळून एक लांब मैदान होते आणि खिडकी त्यांतील एका भागावरच पसरते. ही विस्ताराची रीत. कारकुनास विस्तार सोयीचा, कारण दुसरीकडे आणखी काही उघडता येते. अर्जदारास आरसा सोयीचा. विस्ताराची रीत योजून अर्जदारासाठी वेगळी, स्वच्छ खिडकी त्याच्या पडद्यावर दाखविणारे प्रोग्रामही असतात आणि ते उत्तमच. परंतु विस्तारही केला आणि अर्जदाराची खिडकीही उघडली नाही, म्हणजे पडदा असून नसल्यासारखा. त्यावर मग एखादे चित्र हात जोडून उभे राहते. आमच्या त्या वृद्धेस जो नमस्कार झाला तो असा होता.

भाषेचा प्रश्नही येथे डोके वर काढतोच. खानापुराकडचा किंवा निपाणीकडचा मराठी शेतकरी जेव्हा अशा पडद्यापुढे उभा राहतो, तेव्हा पडदा सुलटा असूनही लिपी त्यास अपरिचित असू शकते. सोलापूर-जतकडच्या कानडी शेतकऱ्याची सातबाऱ्यापुढे हीच अवस्था होते, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे म्हणू. सीमाप्रश्नाचा निवाडा या लेखात करावयाचा नाही. परंतु पडद्यावरील मजकूर माणसास वाचता येईल अशा भाषेत दाखविणे ही गोष्ट निवाड्यासाठी थांबण्याजोगी नाही. यंत्रास त्यात कसलीच अडचण नसते.

कडेची किंमत काय असते, हे हुबळीनेच देशास शिकविले आहे. शहराच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. १९५७ साली स्थापन झालेला. राष्ट्रध्वज भारतीय मानकाप्रमाणे तयार करणारी ही संस्था. तेथे दीड फूट-एक फूट असोत की सर्वांत मोठा २१ फूट-१४ फूट असो, लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन असेच राहिले पाहिजे. चक्रास २४ आरे, ते दोन्ही बाजूंनी एकमेकांवर तंतोतंत आले पाहिजेत. सुताची जाडी, रंगाची छटा, शिवणीतील टाके, सर्व काही मोजले जाते. किंचित फरक पडला की ध्वज बाद. त्या कारागीर भगिनींस कोणी म्हणत नाही की, बाई, आठ सुतांनी काय होते! आठ सुतांनी काय होते ते त्यांस ठाऊक आहे. ज्या वस्तूस आपण मान देतो तिची कड आपण मोजतो. उताऱ्याची कड आपण मोजत नाही याचा अर्थ काय, हे वाचकांनीच ठरवावे.

आमच्या किनारपट्टीचा हुबळीच्या पडद्यांशी आणखी एक संबंध आहे. २००३ पासून नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय हुबळीस आहे. वास्कोहून निघून कुळेमार्गे दूधसागरचा घाट चढणारी आणि कॅसलरॉकला पोहोचणारी गाडी हुबळी विभागाच्याच नियंत्रणाखाली धावते. २०२३ साली उद्घाटन झालेला तेथील १,५०७ मीटर लांबीचा फलाट जगात सर्वांत लांब म्हणून नोंदला गेला आणि त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. नियंत्रण कक्ष कोणी पाहत नाही. पूर्वी रेल्वेचे नियंत्रक मोठ्या कागदावर आडवी वेळ आणि उभी स्थानके मांडून प्रत्येक गाडीची रेघ पेन्सिलीने ओढीत. दोन रेघा जेथे एकमेकींस छेदतील तेथे एका गाडीस थांबवावयाचे, हे त्या कागदावरून कळे. आता ते काम भारतीय रेल्वेत संगणकाच्या पडद्यावर चालते. कागदास चारी बाजूंनी कोरी जागा असे आणि रेघ कागदाबाहेर गेली तर नियंत्रकाच्या हातास कळे. पडद्यास तो स्पर्श नाही. एकाशेजारी एक पडदे मांडून जेथे जेथे असे जोखमीचे काम चालते, मग ते रेल्वेचे असो, वीज मंडळाचे असो वा इस्पितळाचे, तेथे कडेवरचा मजकूर कोठे जातो हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

कोरी जागा म्हटले म्हणजे आम्हां छापखानेवाल्यांस आपला जुना शब्द आठवतो: समास. पहिलीतल्या मुलास आपण पाटी सुटून वही मिळते त्या दिवशी प्रथम काय शिकवितो? कागदास घडी घालून समास सोडावयास. समास हा कागदाचा अपव्यय नव्हे. तो वाचणाराच्या अंगठ्यासाठी, बांधणाराच्या सुईसाठी आणि वाळवीच्या पहिल्या घासासाठी सोडलेला असतो. जुन्या पोथ्यांचे काठ झिजून गेले तरी मजकूर शाबूत राहिला तो समासामुळे. खिळे जुळविण्याच्या काळात चौकटीच्या कडेचा खिळा ढिला होऊन निखळत असे. म्हणून जाणता जुळारी शेवटचा अंक कधी उघडा ठेवीत नसे, त्याच्यापुढे कोरी पट्टी बसवून मगच चौकट आवळीत असे. आजचा पडदा एकेक टिंब वसूल करण्याच्या हव्यासाने मजकूर कडेस भिडवितो. ज्यांनी ही जागा वाचविली त्यांनी ती कोणासाठी वाचविली, हे मात्र कळत नाही.

आता उपाय. ते अवघड नाहीत आणि खर्चाचे तर मुळीच नाहीत. आज, या क्षणी, ज्या टेबलावर अशी रेघ दिसत असेल तेथील माणसाने खिडकी पडदाभर न करता हाताने ओढून पडद्यापेक्षा दोन बोटे लहान ठेवावी, सांडणे थांबेल. दोन्ही पडद्यांवरील अक्षरांचे प्रमाण शक्य तर समान करावे. अर्जदाराचा पडदा आरशाच्या रीतीवर आणावा. एखादी खिडकी उघडूनही दिसत नसेल, तर ती पूर्वी जोडलेल्या आणि आता काढून नेलेल्या पडद्याच्या जागी उघडत आहे असे समजावे. विंडोजमध्ये विंडोजची कळ व शिफ्ट एकत्र दाबून डावा वा उजवा बाण मारला की ती शेजारच्या पडद्यावर येते. हे चार उपाय एका कागदावर लिहून टेबलापाशी चिकटविले तरी पुष्कळ होईल.

सरकारकडे आमचे मागणे याहून थोडे अधिक आहे. लोकांच्या कामासाठी जो प्रोग्राम विकत घेतला वा करवून घेतला जातो, तो स्वीकारण्यापूर्वी दोन विजोड पडद्यांवर, देवनागरी व कानडी मजकुरासह, लांबलचक नावे आणि जोडसंख्या घालून तपासला जावा, ही अट करारातच असावी. कोणताही महत्त्वाचा आकडा कडेच्या रकान्यात नसावा. असलाच तर त्यापुढे समास असावा. अर्जदाराच्या पडद्यावर अर्जदाराचीच नोंद दिसावी, जाहिरात नव्हे, नेत्याचे छायाचित्र नव्हे आणि कोरा नमस्कारही नव्हे. आणि जो तरुण दिवसभर त्या पडद्यापुढे बसतो त्याच्या तक्रारीची नोंद घेणारे व त्यास उत्तर देणारे कोणी तरी असावे. 'ती रोजचीच' हे त्याचे उत्तर आम्ही निष्काळजीपणाचे मानीत नाही. त्याने कधी तरी, बहुधा पहिल्याच आठवड्यात, वरिष्ठास सांगितले असणार. वरिष्ठाने ठेकेदारास सांगितले असणार. ठेकेदाराने पुढच्या आवृत्तीचे आश्वासन दिले असणार. उत्तर न आलेल्या तक्रारीस काही दिवसांनी सवय असे म्हणतात.

हुबळी आणि धारवाड ही स्वतःच दोन पडद्यांसारखी आहेत. एक व्यापाराचे, गिरण्यांचे, रेल्वेचे. दुसरे विद्यापीठाचे, कचेऱ्यांचे, गाण्याचे. सुमारे २० किलोमीटरांचे अंतर असून १९६२ पासून त्यांची महानगरपालिका एकच होती. 'मुख्य' पडदा हुबळी आणि दुय्यम धारवाड, पैसा तिकडे पसरतो आणि आमच्या वाट्यास कड येते, ही धारवाडकरांची जुनी कैफियत. अखेर २०२५ च्या जानेवारीत कर्नाटक मंत्रिमंडळाने धारवाडास स्वतंत्र महानगरपालिका देण्यास मंजुरी दिली. त्या निर्णयाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींत एकीस मुख्य मानून दुसरीचे माप तिच्यावरून काढले की काठावर काय होते, हे त्या जुळ्या नगरांतल्या माणसास कोणी समजावून द्यावयास नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत बसलो, तेव्हा ती वृद्धा बहुधा पुन्हा त्याच रांगेत उभी असेल. तिला टिंबे ठाऊक नाहीत, ऋण संख्या ठाऊक नाहीत. पण तिच्यासाठी ठेवलेल्या पडद्याकडे तिने पाहिले, तेथे जे नको होते ते तिला दिसले, आणि तिने विचारले. त्या सबंध खोलीत, आमच्यासकट, ते विचारणारी ती एकटीच होती. त्या प्रश्नास उत्तर मिळाले असते तर तिचा एक दिवस वाचला असता. पडदा लोकांकडे फिरविला आहे तर लोक पाहणार आणि पाहिले तर विचारणार. त्यांस तिकडे पाहू नका असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही.